अठ्ठावन्न नंबरचा बिल्ला

३ जानेवारी

आज शेडमध्ये डायऱ्या वाटल्या. गेल्या हंगामात सगळ्यांत जास्त संत्र्यांची खोकी भरणाऱ्या बारा जणींना. वर संत्र्याचं चित्र, आत पानाच्या एकेका बाजूला एकेक तारीख. मुकादम म्हणाले, "मनातलं लिहा, नवऱ्याच्या कागाळ्या लिहा, काय वाट्टेल ते लिहा." आमच्या पट्ट्यावरची हसरी म्हणाली, "कागाळ्या लिहायच्या तर मामा, आणखी दोन द्या."

मुकादम आमच्या सासूबाईंचे मावसभाऊ. आम्ही दोघी जावा त्यांना मामा म्हणतो, आणि आमचं ऐकून सगळी शेडच त्यांना मामा म्हणते. मला नोकरीला त्यांनीच लावलं, नंतर धाकटीला, आणि ह्यांचा टेम्पोही शेडच्या मालासाठी त्यांनीच लावून दिला.

आता लिहायचं काय? एक गोष्ट लिहिण्याजोगी आहे. गेल्या हंगामात माझे एकशे चौऱ्याऐंशी दिवस भरले. नियम असा आहे की लागोपाठ दोन हंगाम एकशे ऐंशी दिवस भरले की नाव कायमच्या यादीत जातं. मग दर हंगामाला आधी यादीतल्यांना बोलावणं. आजारपणाची रजा, बाळंतपणाची रजा. 'उद्यापासून येऊ नकोस' म्हणायची कुणाची टाप नाही. मला अकरा हंगाम झाले. एक भरतो तर पुढचा हुकतो. मागे एकदा चार दिवसांनी राहिलं. नशीब, दुसरं काय. या वर्षी मात्र आम्ही दोघी जावा एकदमच यादीत जाणार. धाकटीचेही गेल्या हंगामाचे भरलेत.

१२ जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत उलट्या क्रेटवर बसून लिहिते आहे. बोटांचा पिवळा डाग पानाला लागतो. संत्र्याच्या सालीचं तेल आहे ते, साबणाला दाद देत नाही.

कुणी विचारलं काम काय, तर संत्री बघायची. पट्ट्यावरून ती गोल गोल फिरत येतात, मेण लावलेली, लग्नाला निघाल्यासारखी. डाग दिसला की उचलायचं. मऊ लागलं की उचलायचं. सकाळी आठपासून पाचपर्यंत. घरी जाऊन डोळे मिटले तरी फिरतच असतात.

टोपी, मास्क, तेल झिरपणारे सुती हातमोजे, निळा झगा. नुसते डोळे उघडे. छातीवर बिल्ला, त्यावर फोटो नाही, नाव नाही, फक्त नंबर. मी एक्केचाळीस, धाकटी अठ्ठावन्न. परवा हे टेम्पो घेऊन आले आणि हसरीला म्हणाले, "अगं, डबा विसरलीस." हसरी म्हणाली, "डबा राहू द्या, पण घरी न्याल तर नीट बघून न्या." सगळा पट्टा हसला. ह्यांचे कान लाल.

२७ जानेवारी

मामांनी मला विसावा दिला. उद्यापासून मार्च उजाडेपर्यंत घरी. दर हंगामात बहुतेक जणींना तो मिळतोच. कुणाला आधी, कुणाला नंतर. मामा म्हणतात, पट्ट्यावर सलग उभं राहून हात आखडतात, पाय सुजतात, म्हणून आळीपाळीनं आराम. विसाव्यात हजेरी लागत नाही, हे खरं. तरी मी म्हटलं, "मामा, या वर्षी नको. दिवस भरायचेत."

"अगं, भरतील. मे अखेर चालतो की हंगाम. हात बघ तुझे, काय झालेत."

बघितले. झालेत खरे. माणूस काळजीनं बोलला की नाही म्हणवत नाही.

४ फेब्रुवारी

काल धाकटी शेडमधून आली ती भिंत धरून. आज उठलीच नाही. दीर बाहेरगावी कामाला, महिन्यातून एकदा येतात. सासूबाईंना म्हणाली, ताप आहे. मी मामांना सांगायला शेडवर गेले. ते फाटकापाशी क्रेट मोजत होते.

म्हणाले, "ताप किती दिवसांचा?"

"काय सांगू. चारसहा दिवस जातील."

"चारसहा दिवस जागा मोकळी राहिली तर मला दुसरी घ्यावी लागेल. साहेबांचा हुकूम आहे." मग थोडा विचार केला आणि म्हणाले, "तू अशीही विसाव्यातच आहेस. तिच्या बिल्ल्यावर तू ये. अठ्ठावन्नची हजेरी लागत राहील. हजेरीवाल्याला मी सांगतो. मास्कात कोण बघतंय? मी आहे ना."

मी हातच जोडले. उद्यापासून मी अठ्ठावन्न. किती साधी युक्ती, आणि आमच्या डोक्यात आली नसती.

५ फेब्रुवारी

पाचला शेडमधून आले. धाकटी मोरीत बसलेली. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. रिक्षा करून तिला दवाखान्यात नेलं.

ताप नव्हता. तिसरा महिना होता. परवा क्रेट उचलायचा माणूस आला नाही म्हणून तिनं स्वतः उचलले, अठरा क्रेट. कुणाला सांगितलं नव्हतं. पोटुशी बाई मामा पट्ट्यावर ठेवत नाहीत, दोन हंगाम भरेपर्यंत झाकून न्यायचं असं तिनं ठरवलं होतं. आता झाकण्यासारखं काही राहिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी तीन आठवडे पडून राहायला सांगितलं. परत येताना रिक्षात तिनं माझा हात घट्ट धरला. "ताई, सासूबाईंना नाही सांगायचं. म्हणतील, कामापायी घालवलंस. ह्यांनाही तेच वाटेल. मग माझं शेड बंद." मी शपथ घेतली. घरी सांगितलं, कावीळ आहे. हात मुळातच पिवळे, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

हे लिहायला नको होतं. पण कुणालाच सांगायचं नाही तर कुठेतरी ठेवायला हवं ना.

१९ फेब्रुवारी

अठ्ठावन्नची जागा माझ्या जागेच्या समोर आहे. तिथून शेड उलटी दिसते. डावीकडचं उजवीकडे. पहिले दोन दिवस चांगली फळं उचलून टाकली आणि डागी जाऊ दिली.

इथे आल्यावर कळलं, मामांनी आणखीही काही जणींची अशीच सोय केली आहे. पट्ट्यावर एक मायलेकींची जोडी आहे, त्यांतली आई विसाव्यात आहे आणि लेकीच्या बिल्ल्यावर येते, कारण लेकीला शिवणाच्या परीक्षेला बसायचं आहे. एकाच गल्लीतल्या दोघी शेजारणी कामाला येतात, त्यांचंही तसंच. माणसाला खरंच कणव आहे. सासूबाई म्हणतात ते खोटं नाही, रक्ताचं नातं नसतं तर कोण कुणासाठी एवढं करतं?

धाकटी आज थोडी उठून बसली. मी आले की पहिलं विचारते, "हजेरी लागली?" म्हटलं, लागली बाई, तुझी.

३ मार्च

परत एक्केचाळीस. धाकटी आज कामावर आली. हसरीनं तिला विचारलं, "तुझी कावीळ उतरली वाटतं?" धाकटी म्हणाली, "उतरली." मी बावीस दिवस तिच्या जागी होते. आज ती माझ्यासमोर उभी होती आणि मला उगाच वाटत होतं की मीच समोर उभी आहे.

क्रेट उचलायचा माणूस आजही नव्हता. या वेळी मी उचलले.

१७ एप्रिल

आज चारशे खोकी. पाय म्हणजे दोन पोती.

१९ मे

हंगाम संपला. फाटकावर यादी लागली. सात नंबर आहेत. अठ्ठावन्न आहे. एक्केचाळीस नाही.

तीनदा वाचली. खाली शाईनं आकडे होते. एक्केचाळीस: एकशे चौसष्ट दिवस. अठ्ठावन्न: एकशे एक्याऐंशी.

मायलेकींतली लेक आहे यादीत. शेजारणींतली एक आहे. मामांनी ज्यांची ज्यांची सोय केली, नेमक्या त्याच. बाकी कुणीच नाही, अगदी अठरा हंगामांची हसरीसुद्धा नाही. पुण्य असं एकेकाच्याच पदरात कसं पडतं, देव जाणे.

धाकटीनं माझ्याकडे बघितलं नाही. चपलेचा बंद लावत बसली, लागलेलाच होता तरी.

२१ मे

मामांकडे गेले. म्हणाले, "सोळा दिवसांनी राहिलं गं. मलाही वाईट वाटलं. पुढच्या वर्षी."

"पण मामा, बावीस दिवस मी तिच्या बिल्ल्यावर..."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हसून म्हणाले, "असं बोलू नये. भिंतींना कान असतात." मग चहा मागवला माझ्यासाठी. मुकादमानं कामगार बाईसाठी चहा मागवलेला मी अकरा हंगामांत पहिल्यांदा बघितला.

२४ मे

फाटकाबाहेर कधीकधी एक चष्मेवाली उभी असते. हंगामी कामगारांचे कागद करून देते, पैसे घेत नाही. म्हणून तिच्याकडे कुणी जात नाही. फुकटचं औषध कुणाला लागू पडतं? आज मी गेले.

सगळं ऐकून तिनं विचारलं, "विसावा तुम्ही मागितला होता?"

"नाही. हातांना आराम म्हणून..."

"अकरा हंगामांत विसावा मिळाला ती वर्षं आणि दिवस कमी पडले ती वर्षं, जरा आठवून बघा."

आठवून बघितलं. वाटेत चालताना, पाणी भरताना, भांडी घासताना आठवून बघितलं. एकही वर्ष वेगळं पडत नाही.

ती आणखी म्हणाली, जो राबला त्याचा दिवस, बिल्ला कुणाचाही असो. कंपनीच्या माणसानं पाठवलं असेल तर चूक कंपनीची, बाईची नाही. विसाव्याचे, आजारपणाचे तोडलेले दिवसही मग मोजायला लावता येतात, सगळ्या जणींचे. "म्हणजे तुमच्या जावेलाही यादीतून खाली यायला नको. पण मुकादमानं पाठवलं याला पुरावा पाहिजे. काही लिहून ठेवलंय?"

मी म्हटलं, "डायरी आहे. कंपनीनंच दिलेली."

ती इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. पण मग म्हणाली, वही अख्खी द्यावी लागते. खाडाखोड चालत नाही, पान गेलेलं चालत नाही. आणि जे तुम्ही द्याल त्याची प्रत समोरच्यालाही मिळते.

अर्जावर सही करून आले. हे आजचं आणि पुढचं सुट्या कागदांवर लिहिते आहे, डायरीत नाही. घरी येऊन डायरी उघडली. चार फेब्रुवारी. मामांचे शब्द जसेच्या तसे. पान उलटलं.

मागे पाच फेब्रुवारी.

२६ मे

मामा घरी आले. सासूबाईंनी खाटेवरची चादर बदलली. ह्यांनी टेम्पोची किल्ली खिशातून काढून कोनाड्यात ठेवली, उगाचच.

मामा म्हणाले, "काय गं थोरले, अर्ज केलास म्हणे. कर, कर. हक्कच आहे तुझा. मी आपला घरचा म्हणून एक सांगतो. एक्केचाळीसचे दिवस मोजायला बसले की अठ्ठावन्नचेही मोजतात. कुणाच्या बिल्ल्यावर कोण आलं हे एकदा निघालं, की दोघी बाहेर. माझ्या हातात काही राहणार नाही."

"पण मामा, तुम्हीच म्हणालात..."

"मी काय म्हणालो?" अगदी शांतपणे विचारलं. कपात बघत.

मग सासूबाई म्हणाल्या, "मोठे, घरात एक नाव लागलं ना? मग दुसरीनं कशाला हटून बसायचं? एका चुलीवरच शिजतं की दोघींचं."

"टेम्पोचं काय, मामा?" ह्यांनी विचारलं. मामांनी टेम्पोचं नावही काढलं नव्हतं.

"टेम्पो चालू दे की," मामा म्हणाले. "घरचा माणूस आहेस." आणि उठले.

गेल्यावर हे म्हणाले, "बघ बाई, तू शहाणी आहेस." ह्यांना माझ्याकडून काही नको असतं तेव्हा मी शहाणी नसते.

२९ मे

धाकटी गच्चीत कपडे वाळत घालत होती. डायरी तिच्यासमोर कठड्यावर ठेवली. ते पान उघडूनच ठेवली. तिनं आधी चार तारीख वाचली, मग पाच. दोन्ही हात ओले होते, म्हणून कोपरानं पान धरलं होतं.

म्हटलं, "प्रत मामांना मिळणार. मामांना मिळाली म्हणजे सासूबाईंना मिळाली. आणि दिरांना."

"एकच बाजू नाही देता येत?"

"पान एकच आहे ना गं."

तिनं चादर झटकली, दोरीवर टाकली, चारही कोपरे सारखे केले. मग म्हणाली, "दे. अख्खी दे, ताई. तुझे बावीस दिवस खाऊन मी यादीत बसणार नाही. जे व्हायचं ते होईल."

"नक्की?"

"दे म्हटलं ना."

पण चिमटा लावताना तिची बोटं थरथरत होती. तोच चिमटा दोनदा पडला. आणि काल दीर आलेत. रात्रीच्या जेवणाला धाकटी त्यांच्याशी हसून बोलत होती, कित्येक महिन्यांनी. तोंडानं दे म्हणते आणि हात नको म्हणतात. मी कुणाचं ऐकू?

३ जून

सकाळी आंघोळीचं पाणी तापेपर्यंत लिहिते आहे. सहा दिवसांनी सुनावणी.

दिली तर धाकटीचं घर. न दिली तर माझे अकरा हंगाम. मध्ये उभं राहायला जागाच नाही. मला वाटतं मामांना या पानाबद्दल काही माहीत नसून सगळं माहीत आहे. ते पाच तारखेला दवाखान्यात नव्हते. पण कुणाकडे तरी असं एक पान असणारच, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून तर शांत आहेत.

८ जून

आज पान काढलं. पट्टी लावून, शिवणीपासून, फाटलेलं दिसू नये म्हणून. तरी तीन तारखेनंतर एकदम सहा येते. कंपनीनं प्रत्येक पानावर तारीख छापून ठेवली आहे, ठळक.

धाकटीला विचारलं नाही. विचारलं असतं तर पुन्हा दे म्हणाली असती.

९ जून

कामगार कार्यालयात एक टेबल, तीन खुर्च्या आणि कोपऱ्यात फायलींचा डोंगर, त्याच्यावर पंखा तिरका होऊन फिरतो. चष्मेवाली माझ्या बाजूला. पलीकडे मामा, इस्त्रीच्या शर्टात. धाकटी आणि सासूबाई बाहेरच्या बाकावर. सासूबाई म्हणाल्या होत्या, घरातल्या गोष्टी बाहेर बोलायच्या तर मी ऐकायला नको?

अधिकारी साहेब वयस्कर, थकलेले. वाईट वाटले नाहीत. डायरी घेतली आणि बोट ओलं करून पानं उलटत गेले. तीन फेब्रुवारी, सहा फेब्रुवारी. थांबले. मागे गेले. शिवण बोटानं चाचपली.

"इथलं पान कुठे आहे?"

पान माझ्या पोलक्यात होतं. चार घड्या घातलेलं, डाव्या बाजूला. श्वास घेतला की कोपरा टोचत होता. घरून निघताना का बरोबर घेतलं, मला सांगता येणार नाही.

मी म्हटलं, "गेलं."

चष्मेवालीनं माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.

साहेब पुढे वाचत गेले. एकोणीस फेब्रुवारी वाचून चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बाई, तुम्ही स्वतःच लिहिलंय की जावेच्या बिल्ल्यावर काम केलं. कुणी सांगितलं होतं?"

"मुकादमांनी."

"ते लिहिलंय कुठे? इथे नुसतं सोय, सोय. कसली सोय?"

मामा खुर्चीत पुढे झाले. "साहेब, तीनशे बायका. टोपी, मास्क. त्यांच्या नवऱ्यानंसुद्धा एकदा दुसरीलाच हाक मारली होती. मी कुणाला ओळखणार?"

आमचाच विनोद. आम्हीच हसलो होतो त्याला.

साहेबांनी डायरी मिटली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हे असं माझ्यापुढे आलं तर दोघी जावांनी मिळून कंपनीला फसवलं, एवढंच सिद्ध होतं. मग तिचंही नाव जाईल. मी काही वाचलं नाही असं समजतो. अर्ज मागे घ्या."

दार अर्धवट उघडं होतं. फटीतून धाकटीचे पाय दिसत होते, एकावर एक ठेवलेले. मी छातीवर हात ठेवला. नुसता आत घालायचा आणि पान काढायचं. एवढंच काम. दिवसाला हजार फळं उचलणारा हात.

सही केली.

जिन्यात चष्मेवालीनं विचारलं, "पान जाळलंत का?" म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग ठेवा." रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

१० जून

धाकटी माझ्याशी भांडली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"तुला कुणी सांगितलं होतं फाडायला?"

"तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी मला विचारायचं असतं, ताई. त्या पानाची एक बाजू माझी होती. मी दे म्हटलं होतं."

"हात थरथरत होते तुझे."

"भीती वाटते तेव्हा थरथरतातच हात! म्हणून काय माणूस बोलतो ते खोटं असतं?"

पान कपाटातल्या कागदाखाली ठेवून दिलं.

२ ऑगस्ट

ह्यांच्या टेम्पोच्या फेऱ्या आठवड्याला तीनवर आल्या. मामा म्हणतात, बिगरहंगाम आहे.

११ ऑक्टोबर

ही वही वेगळी. लेकीच्या गेल्या वर्षीच्या वहीतली उरलेली कोरी पानं. डायऱ्या जानेवारीत वाटतील, पण मला मिळेल असं वाटत नाही.

हंगाम उघडला. यादीतल्या सातही जणींना बोलावणं आलं. मला नाही. एक्केचाळीस नंबर एका नव्या बाईला दिला, असं हसरी सांगत होती. हसरीला घेतलं आहे, विसावा कधी ते अजून सांगितलेलं नाही.

धाकटीला चौथा महिना आहे. या वेळी सगळ्यांना माहीत आहे. सासूबाई तिला पाण्याची कळशीसुद्धा उचलू देत नाहीत. आज मामा आले. मी म्हटलं, "यादीतल्यांना बाळंतपणाची रजा असते. जागाही राखून ठेवतात. नियम आहे."

"असते की," मामा म्हणाले. "पण रजेचा कागद वर गेला की जुन्या हजेऱ्या उघडतात. कशाला? तू घरात आहेस ना रिकामी. तिच्या बिल्ल्यावर तू ये. घरातला पगार घरात. मास्कात कोण बघतंय?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. ह्यांनी बघितलं. दिरांनी बघितलं. धाकटी जमिनीकडे बघत होती, मग तिनंही बघितलं. नको म्हणाले तर काम नाही, टेम्पो नाही. हो म्हणाले तर वर्षभर राबेन आणि दिवस भरतील अठ्ठावन्नचे.

हो म्हटलं.

मामा गेल्यावर धाकटी सुईदोरा घेऊन माझ्या खोलीत आली. "ते पान कुठे आहे?" कपाटातल्या कागदाखाली होतं. तिनं ते घड्या उलगडून हातानं सपाट केलं आणि या वहीच्या आत, अगदी सुरुवातीला, चार टाके घालून शिवलं. दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं. पाच तारीख परत एकदा वाचली. या वेळीही हात थरथरले, आणि तिनं ते थरथरू दिले.

म्हणाली, "ताई, आता एकाच बाजूला लिही."

१२ ऑक्टोबर

जेवणाची सुट्टी. उलटा क्रेट. छातीवर अठ्ठावन्न.

समोर माझ्या जागी एक्केचाळीस नंबर आहे. माझ्याच वयाची, हात अजून पांढरे. सकाळी विचारत होती, "अठ्ठावन्नताई, दिवस भरले की यादीत नाव लागतं ना हो?"

म्हटलं, "लागतं. तू लिहून ठेवत जा."

"काय लिहू?"

"मामा जे जे बोलतील ते. तारखेसकट."

ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करते आहे. मग थोड्या वेळानं विचारलं, "खरंच?"

आज सकाळी आठ वाजता फाटकापाशी, हजेरीवाल्यादेखत, मुकादम म्हणाले: "ही अठ्ठावन्न. हिची हजेरी लाव. जाऊ बाळंतपणापर्यंत यायची नाही, तिच्या जागी हीच येईल. साहेबांना काही बोलायचं नाही." हजेरीवाला म्हणाला, "बरं मामा."

पानाची मागची बाजू कोरी सोडली आहे.